बाबांचे दोन नंबर

माझ्या बाबांना १९६५ च्या युद्धात ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ मिळालं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त सरकारी कागदाला माहीत नव्हतं.

हे पदक नव्हे. सेनाप्रमुखांच्या अहवालात नावानिशी उल्लेख होतो, राजपत्रात नाव छापून येतं आणि त्या युद्धाच्या पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचं एक इवलंसं चिन्ह लावता येतं. सन्मानांच्या उतरंडीत सेना मेडलच्या खालची पायरी. लग्नाच्या पंगतीत सांगायला गेलं तर समोरचा ‘म्हणजे नक्की काय?’ विचारतो आणि आपण जिलबी खाऊ लागतो.

बाबा सिग्नल्समधले, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलातले. १९६२ नंतर फौजेला अधिकारी घाईने हवे होते, म्हणून पुण्यात आणि मद्रासला प्रशिक्षण शाळा निघाल्या. बाबा पुण्याच्या शाळेतून इमर्जन्सी कमिशन, म्हणजे तात्पुरतं अधिकारीपद, घेऊन बाहेर पडले. ती शाळा पुढे लवकरच बंद झाली, त्यामुळे बाबांना ‘कुठली अकॅडमी?’ असं विचारलं की उत्तर जरा लांबतं. दोन वर्षांत ते सियालकोटच्या आघाडीवर होते. पुण्यात त्या आघाडीचा विषय निघाला की लोक लगेच पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट आणि तिचे परमवीर तारापोर यांच्यावर येतात, आणि ते बरोबरच आहे. तोफमाऱ्यात टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्यांची गोष्ट कोण विचारतो? खुद्द बाबांनीही आम्हाला ती एका वाक्यापलीकडे कधी सांगितली नाही. “लाइन तुटत होती, आम्ही जोडत होतो.”

२०२२ मध्ये त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि माझ्या लेकीने आजोबांची सगळी पदकं एका काचेच्या चौकटीत लावायचं मनावर घेतलं. खाली पितळी पट्टीवर यादी. यादीसाठी तिने निवृत्तीच्या वेळची सेवेची कागदपत्रं काढली. १९६५ चे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, सैन्य सेवा मेडल, १९७१ चं संग्राम मेडल, दीर्घ सेवेची पदकं, सगळं होतं. मेन्शनचा उल्लेख नव्हता. प्रमाणपत्र एका बदलीत हरवलेल्या काळ्या ट्रंकेबरोबर गेलं होतं. त्या ट्रंकेत काय काय होतं याची आईची यादी दर दिवाळीला वाढते, त्यामुळे सुरुवातीला मीही थोडी साशंक होते.

“राहू दे गं,” बाबा म्हणाले. “मान मागून घ्यायचा नसतो.”

मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत. खात्यात जमा असलेली रक्कम पासबुकात दिसत नसेल, तर ती दिसायला सांगणं म्हणजे मागणं नव्हे. तसं मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे त्याला परवानगी म्हणतात.

पहिले दोन महिने मी चुकीची दारं ठोठावण्यात घालवले. गोळीबार मैदानापाशी अधिकाऱ्यांच्या पगाराचं मोठं ऑफिस आहे. पुण्यातच आहे म्हणून मी कोथरूडहून सरळ तिथे गेले. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, “मॅडम, इथे पैशांचा हिशोब असतो, पदकांचा नाही.” मग कुणीतरी म्हणालं, सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला. तिकडे पत्र गेलं आणि परत आलं. जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांचं रेकॉर्ड त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं, अधिकाऱ्यांचं दिल्लीत. फौजीच्या घरात जन्मून मला हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

दिल्लीला अर्ज केला. उत्तर आलं, तीन ओळींचं: आपण दिलेल्या क्रमांकावर अशा कोणत्याही सन्मानाची नोंद आढळत नाही.

मला राग आला, खरं सांगते. बाबांनी पत्र घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि जेवायला बसले.

गाठ सुटली ती लेकीमुळे. चौकटीसाठी पदकं ब्रासोने घासताना तिला समर सेवा स्टारच्या पाठीवर बारीक कोरलेली अक्षरं दिसली. आपल्याकडे पदकावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरून देतात. गोल पदकांच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. तिने भिंग लावलं आणि ओरडली, “आई, हा नंबर आजोबांचा नाहीये!” ताऱ्यावर नंबराच्या आधी ईसी होतं. संग्राम मेडलच्या कडेवर आयसी. पुढचे आकडेही वेगळे.

बाबा आतून म्हणाले, “ईसी म्हणजे इमर्जन्सी कमिशन. नंतर कायम कमिशन मिळालं, तेव्हा नंबर बदलून आयसी झाला.” जणू हे आम्हाला माहीतच असायला हवं होतं! त्या काळात इमर्जन्सी कमिशनच्या अनेकांना काही वर्षांनी घरी पाठवलं. काहींना कायम ठेवलं आणि नवा नंबर दिला. बाबांना १९६५ सालची शाबासकी मिळाली ती ईसी नंबरवर, आणि मी दिल्लीला विचारत होते आयसी नंबरवर. दिल्लीचं उत्तर अक्षरशः खरं होतं.

यानंतर बाबांमध्ये फरक पडला. मानाच्या गोष्टीत त्यांना रस नव्हता, पण हा फॉल्ट होता, आणि फॉल्ट म्हटलं की सिग्नल्सचा माणूस उठून बसतो. त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर आडवी रेघ मारली. “हे टोक १९६६. हे टोक आज. लाइन कुठे तुटली हे शोधायला टोकापासून चालत जायचं नाही. मधोमध फोन लावून बघायचा. कुठल्या बाजूला आवाज येतो ते कळलं की निम्मी लाइन सुटली.” मधोमध म्हणजे नंबर बदलला ते वर्ष. तेव्हा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नोंदी उतरवताना काय उतरलं आणि काय राहिलं, हे बघायचं.

आधी १९६६ चं टोक, म्हणजे उल्लेख छापून आला ते, पक्कं करायला हवं होतं. भारताचं राजपत्र दर शनिवारी निघतं आणि जुने अंक स्कॅन करून सरकारी संकेतस्थळावर ठेवले आहेत. ठेवले आहेत एवढंच. त्यात नाव टाकून शोधता येत नाही. पानं तिरकी, शाई उडालेली. रात्री जेवणं झाली की मी एक-दोन शनिवार बघायचे. वाटेत बदल्या, बढत्या, कुणाच्या रजा, कोणत्या कारकुनाची नेमणूक, असं बरंच काही वाचलं. एका रात्री ते सापडलं. दोन आद्याक्षरं, आडनाव, ईसी नंबर. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ कमी.

मी रात्री पावणेबाराला बाबांना फोन केला. ते म्हणाले, “एच कधीच नसायचा तेव्हा. तो तुझ्या आजीने बँकेत खातं उघडताना घातला.”

मग माहितीचा अधिकार. इथे दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक, अर्ज बाबांच्याच नावाने आणि सहीने करायचा. मुलीने वडिलांचं रेकॉर्ड मागितलं तर ती त्रयस्थाची वैयक्तिक माहिती ठरते आणि नकाराला आयतं कलम मिळतं. दोन, ‘नोंद का केली नाही?’ असं विचारायचं नाही. या कायद्याखाली कारणं मिळत नाहीत, अस्तित्वात असलेले कागद मिळतात. म्हणून आम्ही मागितलं एवढंच: ईसी क्रमांकाखालच्या सेवा-नोंदींची प्रत, आणि क्रमांक बदलताना ज्या कागदावर नोंदी उतरवल्या त्याची प्रत. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. पोस्टात काउंटरवरच्या मुलीला ती शोधायला पंधरा मिनिटं लागली, कारण हल्ली कुणी मागत नाही. अर्जात एक ओळ मुद्दाम घातली की माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) खाली अर्ज तिकडे पाठवावा. ते काम पाच दिवसांत करायचं असतं. तीस दिवस उलटले. पहिलं अपील केलं. त्यानंतर पाकीट आलं.

त्यात नोंदींच्या पानाची झेरॉक्स होती. शाईच्या पेनाने, तिरक्या वळणदार अक्षरांत १९६६ ची नोंद. खाली कुणाची तरी सही. आणि त्याच्या मागे नवीन नंबरचं टाइप केलेलं पान, ज्यात समर सेवा स्टार होता, रक्षा मेडल होतं, आणि त्यांच्यामधली ती एक ओळ नव्हती. टाइप करणाऱ्याची नजर एका ओळीवरून घसरली असेल. त्याला पन्नासाहून अधिक वर्षं झाली होती.

बाबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली, बोट ठेवून बघितलं आणि म्हणाले, “ब्रेक सापडला.”

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे. शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरीकडे ‘एच’ असलेले आणि नसलेले बाबा एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. एलआयसीच्या जुन्या फाइलमध्ये कायम कमिशनचं पत्र सापडलं, ज्यात दोन्ही नंबर एकाच ओळीत होते. ते आधी सापडलं असतं तर माझे कितीतरी शनिवार वाचले असते. राजपत्राचं पान, दोन्ही झेरॉक्स, ताऱ्याच्या पाठीचा फोटो, हे जोडून दुरुस्तीचा अर्ज गेला. एकदा परत आला, कारण सही जुन्या सहीशी जुळत नव्हती. ऐंशीच्या पुढच्या माणसाची सही तिशीतल्या सहीशी कशी जुळेल? बँकेच्या मॅनेजरकडून सही साक्षांकित करून पुन्हा पाठवला. मी पोचपावत्या एका फाइलीत तारखेने लावत गेले आणि दर महिन्याला एक नम्र स्मरणपत्र टाकत राहिले. यात हुशारी काही नाही. सवय आहे, बँकेची.

दुरुस्तीचं पत्र आलं तोवर सहस्रचंद्रदर्शन होऊन वर्ष उलटलं होतं. चौकट भिंतीवर होती, पट्टीवर एका ओळीची जागा लेकीने रिकामी सोडली होती.

कमळाचं पान आम्ही कॅम्पातल्या एका लष्करी साहित्याच्या दुकानातून आणलं. दुकानदाराने बटणांच्या डब्यातून शोधून काढलं. तीळगुळातल्या हलव्याएवढं असेल. १५ फेब्रुवारी हा सिग्नल्सचा कोअर डे, म्हणजे स्थापना दिन. त्या सकाळी बाबांनी चौकट उघडायला लावली, ब्लेझरवर पदकं चढवली, आणि पान लावायला आईला बसवलं. आईने ते सुईने फितीवर टाचलं. बाबांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, वाकडं आहे. तिने उसवून पुन्हा लावलं.

संध्याकाळी बाबा कोअर डेच्या कार्यक्रमाहून परतले ते एका कोर्समेटचा फोन नंबर चिठ्ठीवर घेऊन. “हा साताऱ्याला असतो. याचाही ईसीचा आयसी झाला होता आणि याचंही काहीतरी राहिलंय. त्याला सांग, आधी ताऱ्याच्या पाठीवर बघ.”