शाळेची दिल्ली सहल

सातारा जिल्ह्यातील आमच्या शाळेची दिल्ली सहल दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या वर्गासाठी निघत असे आणि तिची तयारी पावसाळ्यातच सुरू होई. नव्वदच्या दशकातील या सहलींचे सारे श्रेय मी आमच्या इतिहासाच्या सरांना देतो. ते प्रत्येकाला एकेक वास्तू नेमून देत. ग्रंथालयातील पुस्तके चाळून टिपण काढायचे आणि त्या वास्तूसमोर उभे राहून ते सर्वांना सांगायचे, असा शिरस्ता होता. त्यामुळे गाइड कधी लागला नाही.

पुण्याहून संध्याकाळी झेलम एक्स्प्रेस सुटली, की फराळाचे डबे उघडत आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, करंज्या डबाभर फिरत. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर मागे पडल्यावर चंबळच्या घळी दिसू लागत, तेव्हा खिडकीसाठी मोठी झोंबाझोंबी होई.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खाससमोर उभे राहून एका मुलीने सांगितले, की या दालनाचे चांदीचे छत 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून फौजेच्या खर्चासाठी वितळवले. सर्वजण गप्प झाले. सरांनी त्यावर पांघरूण घातले नाही. पानिपताकडे निघालेल्या फौजेची पैशांची तंगी त्यांनी समजावून दिली आणि त्या पराभवानंतर दहाच वर्षांत, 1771 मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या व पुढच्या वर्षी महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शाह आलमला त्याच्या गादीवर आणून बसवले, हेही सांगितले. एरवी पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपणारा हा भाग मला आजही तारखांसकट आठवतो, कारण तो मी त्या दालनासमोर उभा राहून ऐकला.

कुतुबमिनार आम्ही बाहेरूनच पाहिला, कारण 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर त्याचा जिना बंद झाला होता. राजघाटावरील काळ्या संगमरवरी चौथऱ्याभोवती सर्वजण अनवाणी फिरलो. तेव्हाच्या संसद भवनाचे 144 खांब मोजण्याचा प्रयत्न मुले नेमाने करत आणि नेमाने चुकत. मात्र तिथे यशवंतराव चव्हाणांचा विषय निघाला, की 1962 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले तेव्हाचे ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य सर भरल्या आवाजात उच्चारत.

सर्वांत अधिक वेळ मात्र आम्ही इंडिया गेटपाशी काढत असू, आणि ते साहजिकच होते. आमच्या वर्गातील कितीतरी घरांत कोणी ना कोणी लष्करात होते. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजूला गेले होते, एवढेच सांगणारी घरेही गावोगाव होती. 42 मीटर उंचीच्या त्या कमानीवर 13 हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. मुले माना उंचावून, ओळीवर बोट फिरवल्यासारखे हवेत बोट फिरवत, आपल्याकडचे एखादे नाव सापडते का ते शोधत. वरच्या मोठ्या लेखात फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या जोडीने मेसोपोटेमियाचे, म्हणजे बसरा ज्यात येते त्या आजच्या इराकचे, नाव आहे, हे सरांनी दाखवले, तेव्हा माझ्या शेजारच्या मुलाने ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेतले. घरी आजीला वाचून दाखवायचे आहे, असे तो म्हणाला. कमानीखाली तेव्हा 1972 पासूनची अमर जवान ज्योत तेवत होती आणि समोरची दगडी छत्री रिकामी होती. तिच्यातील पंचम जॉर्जचा पुतळा कधीच हलवला गेला होता.

आता त्या छत्रीखाली नेताजींचा पुतळा उभा आहे. ज्योत जानेवारी 2022 मध्ये जवळच्या राष्ट्रीय समर स्मारकातील ज्योतीत विलीन झाली. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या 25 हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. कुतुबमिनारासाठी एक तास कमी ठेवावा लागला तरी चालेल, पण आपल्या भागातील शाळांनी मुलांना गावातील जवानांची नावे आधी लिहून घ्यायला लावावीत आणि मगच त्यांना या भिंतींपुढे न्यावे.