जुन्या जीपच्या चाकांचे आटे ओळखताना: माझा अनुभव

जीप माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चार चाकांवर मिळून तीन तऱ्हेचे नट होते. बरेचसे काळे, काही क्रोमचे आणि थोडे बंद तोंडाचे, टोपीवाले. सगळ्यांना एकच १९ चा पाना लागत होता, म्हणून विकणाऱ्याने "सगळं एकाच मापाचं आहे" असं छातीठोकपणे सांगितलं. पण पाना बसतो तो बाहेरच्या षटकोनाला. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे पाऊण इंची नट आणि १९ मिमीचा नट एकाच पान्याने खुशाल फिरतात. आत आटे कुठले आहेत हे त्यावरून काडीमात्र कळत नाही.

ब्रेकच्या कामासाठी चारही चाकं काढायचीच होती. म्हटलं, आता एकेक स्टड (चाकाच्या मधल्या हबमधून बाहेर आलेला, ज्यावर नट चढतो तो दांडा) मोजूनच पुढे जाऊ. गाडी जुनी, हातातून हातात गेलेली. तिच्या नावावरून किंवा पुस्तकावरून आटे ठरवण्यात अर्थ नव्हता.

सुरुवात पुढच्या डाव्या चाकापासून केली. तिथल्या एका नटाचे कोपरे गोल झाले होते आणि शेजारचा स्टड जरासा वाकला होता. पान्यात पाइप घालून कोणीतरी ताकद लावल्याच्या या खुणा. विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकाळातल्या जीपपासून चालत आलेली पद्धत अशी, की गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे, म्हणजे नेहमीच्या विरुद्ध दिशेने आवळले जाणारे, आटे. डावी बाजू म्हणजे सीटवर बसून समोर पाहताना जी डावी ती. स्टिअरिंग कुठल्या का बाजूला असेना. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, तेही याच कारणाने.

स्टडचं टोक वायर ब्रशने घासलं. हिरवा रंग निघाला, त्याखालचा तांबडा निघाला, मग प्रायमर, आणि सगळ्यात खाली ठोकलेलं इंग्रजी 'एल' हे अक्षर दिसलं. डाव्या आट्यांची ही कारखान्यातली खूण. उलट्या आट्यांच्या नटांनाही बऱ्याचदा षटकोनाच्या कोपऱ्यांवर बारीक खाच पाडलेली असते, रंगाखाली ती बोटाला लागते. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलंच होतं. नेहमी आवळताना फिरवतो त्या दिशेला पाना फिरवला आणि पाइप न लावता नट कुरकुरत सुटला.

मागच्या डाव्या चाकावर मात्र 'एल' कुठेच नव्हता. पण खूण नाही म्हणून आटे सुलटे, असं म्हणता येत नाही. बदली स्टडवर खूण असेलच असं नाही, आणि वाढीव टोक ग्राइंडरने उडवलं असेल तर खूणही त्याबरोबर गेलेली असते. अशा वेळी आट्यांचा उतार बघायचा. स्टड उभा धरला आणि समोरच्या रेषा उजवीकडे चढत गेल्या, तर सुलटे. डावीकडे चढल्या तर उलटे. हबवरचा स्टड आडवा असतो, तिथेच गल्लत होते. मान वाकडी करून बघण्यापेक्षा मी मोबाइलवर फोटो काढतो आणि तो फिरवून उभा करतो. मागच्या डाव्या हबचे पाचही स्टड सुलटे निघाले. म्हणजे तो हब कधीतरी दुसरीकडून आणून बसवलेला. एकाच गाडीच्या एकाच बाजूला पुढे उलटे आणि मागे सुलटे! अशा गाडीवर कोणी आंधळेपणाने इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) चालवली तर एक तरी स्टड तुटणारच.

मागच्या उजव्या चाकावर एक नट इतर चारांपेक्षा हलका फिरत होता. मिस्त्री म्हणाले, "अहो, बसतोय की मस्त! उलट बाकीच्यांचेच आटे घाणीने भरलेत." मला तो हलकेपणाच खटकला. नट अर्ध्यापर्यंत चढवला आणि दोन बोटांनी हलवून पाहिला, तर तो स्टडवर डगडगत होता. चांगला नटही थोडा खेळतो, पण इतका नाही.

व्हर्नियर लावला. शेजारच्या स्टडचा बाहेरचा व्यास १२.५५ मिमी आणि याचा ११.९. सगळी गोम इथेच होती.

जीपचा मूळ स्टड अर्धा इंची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत चार सुती, इंचाला २० आटे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी खरं, पण आट्यांची टोकं कधीच पूर्ण मापाची नसतात; व्हर्नियर साधारण १२.४५ ते १२.६५ दाखवतो. १२ मिमीच्या मेट्रिक स्टडवर तोच आकडा ११.७५ ते ११.९५ च्या आसपास येतो. मधला अर्धा मिलिमीटर रिकामा असल्यामुळे निवाडा सोपा होतो. फक्त मोजायचं कुठे ते बघून मोजायचं. स्टडचं टोक चाक चढवता-उतरवताना रिमच्या भोकात घासून झिजतं, म्हणून मी हबजवळ, जिथे नट पोचतच नाही तिथे मोजतो. तेही रंग पूर्ण काढल्यावर, कारण रंगाचा एक जाड थर आकडा सहज फिरवतो.

व्यासाइतका भरवसा पिचवर, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरावर, ठेवता येत नाही. इंचाला २० आटे म्हणजे हे अंतर १.२७ मिमी. मेट्रिकमध्ये १२ मिमीला १.२५ चं पिच सर्रास असतं. पिच गेजची (आटे मोजायच्या दातेरी पात्यांचा संच) २० ची पात आणि १.२५ ची पात आलटून पालटून लावली, तर गंजक्या आखूड स्टडवर दोन्ही बसल्यासारख्या वाटतात. फरक एका आट्याला ०.०२ मिमी, तो डोळ्याला काय दिसणार? त्यापेक्षा खात्रीचा नवा बोल्ट स्टडला आडवा चिकटवून, आटे आट्यांत अडकवून, मागे टॉर्च धरायचा. वीस मिलिमीटरच्या लांबीत हाच फरक साठत साठत ०.३ मिमीच्या वर जातो. एका टोकाला आटे घट्ट बसलेले आणि दुसऱ्या टोकाला उजेडाची बारीक फट, असं दिसलं की समजायचं. माझ्या त्या स्टडवर अर्ध्या इंची बोल्टने अशीच फट दाखवली आणि १२ बाय १.२५ चा बोल्ट लांबीभर बिनतक्रार बसला.

तर मेट्रिक स्टडवर अर्धा इंची नट चढवलेला होता. १२ बाय १.२५ चा नट अर्धा इंची स्टडवर तोंडाशीच अडतो, म्हणजे त्या बाजूने तुम्ही सुरक्षित. उलट बाजूने मात्र नट चढतो, फिरतो, शेवटपर्यंत जातो, पान्याला थोडा विरोधही करतो. अर्धा इंची नटाचं आतलं भोक ११.३ ते ११.६ मिमी आणि स्टड ११.९. एका बाजूला आट्यांची पकड जेमतेम ०.२ मिमी, जी योग्य जोडीच्या निम्मीही नाही. पूर्ण टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) दिला तर आटे सोलून निघतात. नाही निघाले तर पुढे वळणावर, भार आल्यावर, निघायची वाट बघत बसतात. मिस्त्रींना दोन्ही आकडे दाखवले तेव्हा त्यांनी तो नट मुकाट्याने भंगाराच्या डब्यात टाकला.

मेट्रिक स्टड इथवर कसा आला, याचा माझा तर्क असा. जीपच्या रिमला पाच भोकं आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी. सुझुकीच्या जुन्या छोट्या फोर बाय फोर गाड्यांचंही नेमकं हेच माप. म्हणून या गाड्यांच्या रिम एकमेकींवर चढतात, आणि रिमबरोबर नटही फिरतात. सुझुकीचे स्टड १२ बाय १.२५. टोपीवाले नट त्याच वाटेने आले असणार. तसेही टोपीवाले नट मला आवडत नाहीत. स्टडचं टोक दिसत नाही, खूण दिसत नाही, आणि स्टड लांब असला तर नट रिमला टेकायच्या आधी टोपीच्या तळाला टेकतो आणि आवळल्यासारखा भास होतो.

याच सुमारास एका मित्राच्या जुन्या सिरीज लँड रोव्हरचे नट बघायची वेळ आली, आणि तिथे वेगळीच गंमत. तिचे स्टड ९/१६ इंची, साडेचार सुती, पण अमेरिकन नव्हे, ब्रिटिश बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक आटे). इंचाला १६ आटे. त्याच व्यासाच्या अमेरिकन बारीक आट्यांत इंचाला १८. शिवाय आट्याचा कोन वेगळा, ब्रिटिश ५५ अंशांचा आणि अमेरिकन ६० अंशांचा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये ५५ अंशांचं प्रमाण ठरवलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित युनिफाइड आट्यांवर सह्या केल्या त्या १९४८ मध्ये, म्हणजे लँड रोव्हर बाजारात आली त्याच वर्षी. सही झाली म्हणून कारखान्यांतले टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) दुसऱ्या दिवशी बदलत नाहीत. पुढच्या काळातल्या सिरीज गाड्यांना १६ मिमी, १.५ पिचचे स्टड आले. तो १६ मिमीचा नट जुन्या ९/१६ स्टडवरून न फिरवताच सरकतो, त्यामुळे निदान ती चूक तरी लपत नाही. मित्राकडे दोन्ही जातीचे नट एकाच डब्यात होते. इथे व्यासाने जात ओळखता आली, पण बीएसएफ की युनिफाइड हे मात्र पिच गेजनेच ठरलं. १६ आणि १८ मध्ये फरक एवढा आहे की चुकीची पात तिसऱ्या-चौथ्या आट्यालाच उचलली जाते.

परत माझ्या जीपकडे. मेट्रिक स्टड काढायचा होता. या हबमध्ये मूळ स्टड ड्रमसकट दाबून, मागून फुलवून बसवलेले असतात. तो फुगवटा आधी कापून न काढता नुसता हातोडा घातला, तर भोक मोठं होतं आणि नवा स्टड त्यात गरागरा फिरतो. आधीच्या कोणीतरी बहुधा हेच केलं असावं, कारण मेट्रिक स्टडला मागून वेल्डिंगचा टाका मारलेला होता. ते भोक काही वाचवण्यासारखं राहिलं नव्हतं. मी हबच बदलला.

डावीकडचं काय करायचं यावर मिस्त्रींचं आणि माझं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, सगळे सुलटे करून टाका, कटकट मिटेल. त्यात तथ्य आहे: ६० अंशांच्या शंकूचे नट रिमच्या शंकूत नीट बसले आणि योग्य टॉर्क दिला, की सुलटे आटे डाव्या बाजूलाही सैल होत नाहीत, आजच्या गाड्या तशाच तर धावतात. पण पुढच्या डाव्या हबचे पाचपैकी चार मूळ स्टड उत्तम होते आणि ते उपटण्याचा धोका आत्ताच पाहिला होता. वाकलेला तेवढा उलट्या आट्यांचाच नवा बसवला. मागचा डावा हब सुलटाच ठेवला. एका हबवर एकच जात असली म्हणजे मला पुरे.

आता टूलबॉक्समध्ये तारेत ओवलेले ओळखीचे नट असतात: अर्धा इंची सुलटा, अर्धा इंची उलटा, १२ बाय १.२५, १२ बाय १.५. कुठल्याही जुन्या गाडीवर आधी व्हर्नियर, मग मेट्रिक नट, आणि तो अडला तरच अर्धा इंची. हा क्रम मी मोडत नाही, कारण मोठा नट आधी लावला तर तो दोन्हींवर चढतो. पुढच्या डाव्या हबवर पांढऱ्या रंगाने ठळक 'उलटे' लिहून ठेवलंय, आणि खाचेचे चार नट जास्तीचे घेऊन ठेवलेत. ते हवे तेव्हा मिळत नाहीत.