वजन मांडीवर, मनगटावर नाही

स्पोर्ट बाइक, म्हणजे पुढे वाकून चालवायची गाडी, नवी नवी चालवणारा पोरगा मी हातावरून ओळखतो. तळहाताच्या खालच्या गादीवर, करंगळीच्या बाजूला, लाल वण असतो. चाळीसगावात माझं पंपाच्या मोटारी भरायचं दुकान आहे. पोरं आजोबांची जळालेली मोटार घेऊन येतात, बाहेर उभी असलेली माझी यामाहा आर-१५ स्पोर्ट बाइक बघतात आणि मोटार राहते बाजूला. "भाऊ, हात बधिर होतात. मनगटं भरून येतात. विकून टाकू का गाडी?"

विकू नको बाबा. आधी बसायला शिक.

तो वण असतो तिथूनच करंगळीकडे आणि अनामिकेकडे नस जाते. तासभर धडाचा भार तिच्यावर ठेवला की त्या दोन बोटांना मुंग्या येणारच. माझं तर पोटच बोटांवर आहे. तांब्याची केसासारखी तार स्लॉटमध्ये बसवताना बोट बधिर असलं की तारेवरचं इनॅमलचं आवरण खरवडलं जातं, आणि ती मोटार पुन्हा माझ्याच दारात. म्हणून या विषयात मी जरा जास्तच डोकं घातलं.

गंमत अशी की हे दुखणं हायवेवर कमी आणि गावात जास्त. पुढे वाकलेल्या माणसाला वेगात समोरचा वारा छातीखाली हात देतो. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: तीसवरून नव्वदला गेलात की नऊपट. धुळ्याच्या रस्त्याला मेहुणबारे सोडलं, रस्ता मोकळा झाला, की हात आपोआप हलके होतात. स्टेशन रोडला वीसच्या वेगात, दर दहा पावलांवर ब्रेक मारताना, वारा कुठला यायला? तिथे धड तुमचं तुम्हालाच उचलून धरायचं असतं. लोक उलटं समजतात, की ही गाडी गावात फिरवायला आणि लांब जायला दुसरी.

धड उचलायचं कशाने, तर मांड्यांनी आणि पोटाने. लहानपणी गल्लीतल्या व्यायामशाळेत मल्लखांब केलेल्यांना हे सांगावं लागत नाही. खांबाला मांडीची पकड बसली की दोन्ही हात सोडून नमस्कार करता येतो. टाकीचंही तसंच. आर-१५च्या टाकीला बाजूने खोबणी दिली आहे ती शोभेची नाही, गुडघे तिथेच बसायला हवेत.

पोरांना मी गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी धरणाऱ्या घोडीवर, लावून बसवतो. पाय आधी. फुटरेस्टवर तळव्याचा मधला भाग नाही, चवडा. मग गुडघे टाकीला. मग ढुंगण मागे, टाकी आणि आपल्यामध्ये एक मूठ मावेल इतकं. आणि आता वाकायचं, पण कमरेतून पाठीची कमान करून नाही, खुब्यातून. पाठ जवळजवळ सरळ राहते. शेवटी सांगतो, दोन्ही हात सोड. बहुतेक जण भस्सकन टाकीवर येतात. म्हणजे आत्तापर्यंत पाय नुसते लोंबत होते आणि सगळं काम मनगटं करत होती. हात सोडून चार-पाच श्वास तसंच राहता आलं, की मग हँडलवर हात ठेवायचे. कोपरं वाकलेली, जरा बाहेर, खांदे कानाला न लागता खाली. मूठ इतकी सैल की शेजारून कोणी कोपर ढकललं तर ते सहज हललं पाहिजे.

याचा संबंध नुसत्या दुखण्याशी नाही, ताब्याशी आहे. पुढचं चाक खड्ड्यावरून गेलं की थोडं इकडेतिकडे होतं आणि स्वतःच सरळ येतं, त्याची बनावटच तशी असते. ताठ हातांनी त्याला आवळून धरलं तर चाकाचा प्रत्येक हिसका अंगात येतो आणि अंगाचा प्रत्येक झोल हँडलला जातो. "गाडी थरथरते" म्हणून बॉलरेस (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) बदलून आलेले लोक मी पाहिले आहेत. थरथरणारा गाडीवर बसलेला होता.

मग लिव्हर. कोपरापासून मनगट आणि बोटं एका रेषेत लिव्हरवर पोचायला हवीत. लिव्हर वर राहिली तर ब्रेकसाठी मनगट मोडून बोटं उचलावी लागतात. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ती थोडी खाली फिरवायची, बोल्ट परत आवळायचे, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं: फेअरिंगला (गाडीच्या पुढच्या-बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणाला) लागत नाही ना, केबल किंवा ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना. गियरचा खटका बुटाला वर-खाली वाटत असेल तर त्याच्या दांडीचे नट सोडून उंची बदलते. बऱ्याच गाड्यांत दांडीच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तिथे जोर लावून भांडू नका. एवढं सगळं फुकट आहे. हँडल उंच करायचे तुकडे विकत मिळतात, पण ते माझ्या मते अगदी शेवटी.

खरी परीक्षा कन्नड घाटात, तीही उतरताना. याला औट्रम घाट म्हणतात, १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावाने. (साहेब घोड्यावर होता, त्यालाही मांडीच आवळावी लागत असणार.) चढताना अंग आपोआप मागे राहतं, सगळे वाघ असतात. उतारावर अंग आधीच पुढे घसरत असतं, त्यात ब्रेक लावला की सगळा भार मनगटांवर, आणि नेमकं त्याच वेळी हँडल वळवायचं असतं. भार टाकलेल्या हाताने कसं वळवणार? म्हणून माझा क्रम ठरलेला: वळण दिसलं की आधी मांड्या आवळायच्या, मग ब्रेक, मग गियर खाली, आणि वळणात शिरायच्या आत ब्रेक सोडत आणायचा. डावीकडे जायचं तर डावं हँडल किंचित पुढे ढकलायचं, उजवी मांडी टाकीला दाबून. नजर वळण संपतं तिथे, चाकापुढच्या खडीवर नाही. कठड्यावर माकडं बसलेली असतात, त्यांच्याकडे तर नाहीच.

आमच्याकडची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि फेअरिंगमधून इंजिनाची वाफ मांडीवर येते. टाकी आवळा म्हणणं सोपं आहे. मी उन्हाळ्यात पहाटेच निघतो, आणि टाकीला दोन्ही बाजूंनी खरबरीत रबरी पॅड लावले आहेत, कारण घामेजलेली सुती पॅन्ट रंगावरून सटकते. पॅड लावल्यावर निम्म्या ताकदीत पकड बसते. रोज थोडे दंड काढा, पोट घट्ट राहिलं की पाठ बोलत नाही.

मान मात्र अजून बोलते. वाकून बसलं की समोर बघायला डोकं वर उचलावं लागतं, आणि हेल्मेटची वरची कड डोळ्यांच्या आड येते. काचेची खिडकी वरपर्यंत कापलेलं हेल्मेट घेतल्यावर बरंच कमी झालं, गेलं असं म्हणणार नाही. शिवाय चौकात थांबलो की कोणीतरी असतोच: "काय भो, रस्तावर काय पडेल शे का?" म्हणजे, रस्त्यावर काही पडलंय का?

मागच्या सीटबद्दल पोरं विचारतात. मागे माणूस बसला की ब्रेकला त्याचंही वजन आपल्या पाठीवर येतं, आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. आमच्या हिने एकदा त्या उंच सीटवर बसून बघितलं आणि "मी काय पतंग आहे का?" म्हणून उतरली. दोघांना पाटणादेवीला जायचं असेल तर मी ॲक्टिव्हा काढतो.