सोनं नको, कार्बन हवा: सेमच्या फॉर्मचा माझा अनुभव

पीएच.डी.साठी हवेतले कण गोळा करणं तसं सोपं. पुण्यात गच्चीवर पंप लावला, पॉलिकार्बोनेटच्या फिल्टरवर कण पकडले. थोडे महाबळेश्वरहून आणले, कारण पावसाळ्यात तिथे अरबी समुद्रावरून वारा येतो. अडलं ते सेमच्या, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फॉर्मवर.

यंत्र आमच्याकडे नाही. दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात पैसे भरून स्लॉट घ्यायचा. गाइडची सही, चलन, रांग, हे सगळं सोसलं. पण 'कोटिंग'च्या, म्हणजे नमुन्यावर वीजवाहक पातळ थर द्यायच्या, रकान्यात पर्याय दोनच: सोनं, नाहीतर काही नाही. मला हवा होता कार्बन.

काहीच लावलं नाही तर फिल्टरवर इलेक्ट्रॉन साठतात आणि चित्र पांढरंफट्ट होऊन सरकत राहतं. सोन्याने चित्र झकास येतं, पण कणात कोणती मूलद्रव्यं आहेत ते बघायला गेलं की घोळ. बीम पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, आलेखावर त्याचं शिखर दिसतं. सोन्याचं शिखर २.१२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, गंधकाचं २.३१ला, दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि मी शोधत होते गंधकच! काजळीच्या कणावर सल्फेटचा, म्हणजे गंधकाच्या क्षाराचा, थर बसला असेल तर तो कण ऊन जास्त शोषतो, पाणी धरतो, त्यावर ढगाचा थेंबही तयार होऊ शकतो. पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतल्या बारीक कणांच्या एकूण वजनाच्या, आकड्यातून हे कळत नाही. काजळी आणि सल्फेट वेगवेगळे तरंगत असोत की एकाच कणात, वजन तेवढंच. म्हणून तर एकेक कण बघायचा खटाटोप.

हे सगळं मी 'इतर सूचना'मध्ये लिहिलं. तो रकाना कोणी वाचत नाही. ईमेलला उत्तर आलं, 'फॉर्म नियमानुसार भरावा.' फोनवर, "मॅडम, सगळे सोनंच लावतात." सगळ्यांना नुसतं चित्र हवं असेल, मी काय करू?

शेवटी दोन्ही शिखरांचा आलेख छापून सकाळीच केंद्रात जाऊन उभी राहिले. ऑपरेटरकाकांनी कागद पाहिला, म्हणाले, "मग आधी सांगायचं ना!" आणि कोपऱ्यातल्या यंत्रावरचं प्लॅस्टिक काढलं. कार्बन कोटर. त्याच खोलीत!

त्या दिवशी बारीक गोळ्यांच्या साखळीसारखी काजळी दिसली, आणि तिच्यावर गंधक स्वच्छ. कार्बन मात्र अशा नमुन्यात मोजायला जाऊ नका. फिल्टरमध्येही कार्बन आणि कोटिंगही कार्बनचं, तेव्हा काजळी आकारावरूनच ओळखायची. सल्फेटच्या कणावर बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, फार वेळ रोखू नका, बुडबुडे येऊन तो डोळ्यांदेखत विरतो. अमोनियम नायट्रेट तर यंत्राच्या निर्वातातच उडून जातं, तेव्हा दिसलं नाही म्हणजे हवेत नव्हतं असं लिहू नका. आणि हो, पंप थोडाच वेळ चालवा. फिल्टर काळा दिसायला लागला की कण एकमेकांवर चढलेले असतात, मग एकेकटा कसला बघणार?

तुलनेसाठी कोरा फिल्टरही सोबत न्या. फॉर्म अजून तसाच आहे. 'काही नाही'वर टिक करा आणि स्लॉटच्या आधी काकांना जाऊन भेटा.