उत्तर कानावर पडलं तेव्हा

ती उत्तरपत्रिका मी मोठ्याने वाचली ती हसण्यासाठी. हे आधीच कबूल केलेलं बरं.

चाचणीचे पेपर तपासत आम्ही तिघंजण स्टाफरूममध्ये बसलो होतो. गठ्ठा संपत आलेला, डोळे शिणलेले. अशा वेळी मुलांच्या चुका एकमेकांना वाचून दाखवणं हा आमचा जुना विरंगुळा. हातात आलेला पेपर त्यासाठी अगदी फर्मास होता. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली, 'पडतो' हा एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. प्रश्न साधा: पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात अंतराळवीराला वजन का जाणवत नाही? १० पैकी २ गुण देऊन, समासात 'संज्ञा वापरा, शुद्ध लिहा' असा शेरा मारून मी मोकळी झाले होते.

वाचायला लागले. चुका आहेत तशाच उच्चारायच्या होत्या, पण जीभ आपसूक बरोबर शब्दावर जात होती. 'तिथे ओढ संपत नाही. ४०० किलोमीटरवरही ती जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. यान पडतं, माणूसही पडतो. दोघं सारखेच पडतात, म्हणून फरशी त्याला वर ढकलत नाही. आणि आपल्याला वजन कळतं ते फरशीच्या ढकलण्यानेच.'

समोरचे ज्येष्ठ सहकारी स्वतःच्या गठ्ठ्यात डोकं घालून होते. त्यांनी पेपर पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. म्हणाले, "छान लिहिलंय. कोणाचा आहे?"

माझं हसू तिथेच विरलं. वर्गातल्या सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीने सूत्र मांडून शेवटी 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते' असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. तिला मी ७ दिले होते.

मुलगा कोण ते मला ठाऊक होतं. सत्राच्या सुरुवातीला तो एक पाकीट घेऊन आला होता. "मॅडम, मला डिस्लेक्सिया आहे. जादा वेळ मिळेल का? आणि प्रश्न कोणी वाचून दाखवला तर..." मी म्हटलं होतं, "उद्या नोकरीत कोण वाचून दाखवणार?" तो म्हणाला, "फोन वाचून दाखवतो, मॅडम." मला ते उद्धट वाटलं. आज वाटतं, त्याने सरळ उत्तर दिलं होतं. "बघू," म्हणून मी पाकीट ठेवून घेतलं. तो परत काही विचारायला आला नाही, आणि मीही ती ब्याद टळली असं समजले. सवलत दिली की सगळेच मागतील, हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. मीही ते बोलत आले होते.

दुपारी त्याला बोलावलं. तो दारातच म्हणाला, "नापास आहे का मी?"

पेपर बाजूला ठेवून मी तोच प्रश्न तोंडी विचारला. तो न अडखळता बोलला, वर दोर तुटलेल्या लिफ्टमधल्या वजनकाट्याचं उदाहरण दिलं. मग 'गुरुत्वीय त्वरण' का लिहिलं नाहीस, असं विचारलं. "येतं मॅडम, पण लिहिता येत नाही. चुकेल म्हणून सोपा शब्द घेतो." आणि मी समजत होते, याच्याकडे शब्दच नाहीत! प्रश्न तो तीनदा वाचतो, कारण ओळ निसटते. 'पुढीलपैकी कोणते बरोबर नाही' यातला 'नाही' हमखास सुटतो. कच्च्या कामातले ९६ पक्क्यात उतरवताना ६९ होतात, आणि मग गणित बरोबर असून उत्तर चुकतं. वेळ संपतो तो इथे, विचार करण्यात नाही.

त्या रात्री मी या विषयावर पहिल्यांदाच जरा धड वाचलं. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी पर्सी या १४ वर्षांच्या मुलाची नोंद छापली होती. तल्लख, गणितात बरा, पण वाचन जवळजवळ अशक्य. त्याच्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. त्या मास्तरांना मुलाचं बोलणं ऐकू आलं होतं. मला मात्र त्यासाठी थट्टा करायला बसावं लागलं.

वेगाबद्दलचा युक्तिवाद मी अजूनही पूर्ण सोडलेला नाही. टंकलेखनाची परीक्षा असेल तर वेळ मोजावाच लागेल. पण माझा पेपर भौतिकशास्त्राचा होता, आणि मी तपासत होते ऱ्हस्व-दीर्घ.

२ चे ९ केले. त्या मुलीचे ७ चे ४ झाले, आणि ती भांडायला आली, तो वेगळाच प्रसंग.

जाताना मुलाने विचारलं होतं, "प्रमाणपत्राची दुसरी प्रत आणू का, मॅडम? पहिली हरवली असेल." मी नको म्हटलं आणि तो गेल्यावर खण उघडला. हजेरीपटांखाली पाकीट होतं, चिकटवलेलं तसंच. आत एकच कागद. जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, शुद्धलेखनासाठी गुण न कापणं, तिन्ही शिफारशी त्यावर छापलेल्या होत्या.