‘नु’च्या वळणावर

जपानमधल्या निक्को गावातून चुझेंजी तळ्यापर्यंत जायला एरवी अर्धा-पाऊण तास पुरतो. ऑक्टोबरअखेरच्या त्या शनिवारी आम्हाला साडेतीन तास लागले, आणि आमच्या बसमध्ये संडास नव्हता.

मी टूर मॅनेजर. गटातले बहुतेक जण साठीपुढचे, पुणे-नाशिक-डोंबिवलीचे, खास जपानची लाल पानं बघायला आलेले. अकराला तळं, मग जेवण, मग केगोनचा धबधबा असा कार्यक्रम ऑफिसने मार्चमध्येच छापला होता. झाडांना तो कोणी दाखवत नाही.

तळ्याकडे नेणारा इरोहाझाका हा खरं तर जोडघाट आहे. उतरायचा रस्ता १९५४चा, चढायचा १९६५चा, आणि दोन्ही एकेरी. उतरणीला २८ वळणं, चढणीला २०. मिळून ४८, कारण जुन्या जपानी वर्णमालेतलं एकेक अक्षर एकेका वळणाला दिलंय. पायथ्याच्या जागेचं नाव उमागाएशी. घोडे पूर्वी तिथून परत फिरायचे. बायकांनाही १८७२ पर्यंत पुढे बंदी होती, हे गाईडबाईंनी सांगितल्यावर मागच्या बाकांवरून जी शेरेबाजी झाली तिचं भाषांतर मी केलं नाही. आम्हाला मात्र आता परत फिरायची सोय नव्हती. पुढे गाड्या, मागे गाड्या, कडेला कठडा.

चालत्या बसमध्ये पट्टा सोडून उठायचं नाही, हा तिथला कडक नियम. बसल्या बसल्या काय करणार? भेंड्या सुरू झाल्या, आणि अक्षर वळणावरच्या पाटीचं. इ, रो, हा, नी, हो असं छान चाललं होतं. दहाव्या वळणाला ‘नु’ आला, तिथे गाणंही अडलं आणि बसही. बराच वेळ दोन्ही हलेनात. शेवटी एका काकूंनी ‘नुसतीच उभी ही बस’ असं स्वरचित काहीतरी आळवलं आणि टाळ्या घेतल्या. या अक्षरांची मिळून एक जुनी कविता होते, फुलं-रंग टिकत नाहीत अशा अर्थाची, असं गाईडबाई समजावत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला, “अरे बाळा, यांना आता धरवत नाहीये.”

आजोबांना मधुमेह, वर प्रोस्टेटचा त्रास. पुढचं स्वच्छतागृह घाटाच्या माथ्यावर, अकेचिदाइराला. गर्दीच्या हंगामात मी जपानी दुकानांतून मिळणाऱ्या लघवीच्या पिशव्या सोबत ठेवतो. आत पावडर असते, ती ओलावा शोषून लगेच घट्ट होते. ड्रायव्हरला सांगितलं. त्याने हँडब्रेक ओढला, आरशातून मागे बघितलं आणि दोन बोटं वर केली : दोन मिनिटं. शेवटच्या बाकाशी दोन काकूंनी शाल धरली. बाकीच्या बसने न सांगता आरती म्हणायला घेतली, तीही मोठ्याने. बाहेर कठड्यावर बसलेलं माकड तेवढं टक लावून काचेतून बघत होतं. एकाने त्याच्यासाठी बाकरवडी काढली, ती मी जागच्या जागी परत पिशवीत घालायला लावली. निक्कोत माकडांना खाऊ घालायला २००० सालापासून बंदी आहे, आणि तिथली माकडं उघड्या खिडकीतून आत येतात.

मोकळे झाल्यावर आजोबांनी पहिल्यांदा नीट बाहेर बघितलं. “अरे, हे बघायला तर आलो ना आपण!” खरंच होतं. रात्रीचा पारा आठ अंशांच्या आसपास उतरला की तिथली पानं रंग धरू लागतात. थंडी वरून खाली येते, म्हणून रंगही डोंगरमाथ्यावरून घाट उतरत गावात येतो. त्या आठवड्यात तो नेमका मधल्या वळणांवर होता. मेपलची फांदी काचेला जवळजवळ टेकलेली, त्यातलं एक पान टोकाला लालभडक आणि देठाशी अजून हिरवं.

तीन वाजता तळ्याकाठी पोचलो तेव्हा झाडं बव्हंशी निष्पर्ण. वारा बोचरा, जेवण गार. धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या लिफ्टला मोठी रांग, सूर्य पाचच्या आत मावळणार, आणि ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा हिशेब वेगळाच. सगळ्यांना खाली न्यायचं, तर हॉटेलवर पोचायला रात्र झाली असती. मी लिफ्ट रद्द केली. ९७ मीटरचा तो धबधबा वरच्या फुकटच्या कठड्यावरूनही चांगला दिसतो. मला विचाराल तर तिथूनच जास्त, पण पत्रिकेत ‘लिफ्टसह’ असं छापलं होतं. एक गृहस्थ रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी लेखी तक्रार दिली, ती मी जशीच्या तशी पुढे पाठवली. ‘नु’वाल्या काकूंनी फॉर्मवर ‘घाट उत्तम’ एवढंच लिहिलं.

पुढच्या वर्षासाठी मी दोन बदल सुचवले : शनिवार टाळा, आणि टोकियोतून सहाला निघा, नाश्ता डब्यात बांधून. पहिला मान्य झाला. दुसऱ्यावर ऑफिसचं म्हणणं, आपल्या लोकांना गरम नाश्ता लागतो.