कोल्हापूरची मेबॅक, उद्यमनगरातली चेसिस आणि ‘कंपनीचा पहिला नमुना’

जुन्या गाड्यांसाठी कोल्हापूरला जाणार असाल तर दसरा टाळा. छत्रपतींची मेबॅक, ही जुनी जर्मन गाडी, त्या संध्याकाळी दसरा चौकात येते आणि तो सोहळा एकदा तरी डोळे भरून बघावा असाच असतो. पण गाडीचा अभ्यास त्या गर्दीत होत नाही. डोक्यांपलीकडे बॉनेटचा तुकडा दिसतो, तेवढ्यात सोनं लुटायला माणसं धावतात.

या वेळी मी साध्या दिवसात गेलो. सातारा ते कोल्हापूर रस्त्याची कामं, वळवलेली वाहतूक, धूळ. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. न्यू पॅलेस बघितला, रंकाळ्यावर गेलो, पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला. खरं काम होतं उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत. तिथल्या एका शेडमध्ये पत्र्याच्या ढिगामागे उभी असलेली एक गाडी मालकांना ओळखून हवी होती. घरात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं की ती ‘कंपनीचा पहिला नमुना’ आहे आणि संस्थानात चाचणीला पाठवली होती. गाडीची जात इथे लिहीत नाही, मालकांची तशी इच्छा आहे. दलाल लगेच दारात येतात.

असं काही ऐकलं की सोडून द्यावं, असं मी म्हणणार नाही. हे एकदा खरोखर घडलं आहे. रोल्स-रॉइसने फँटम वन गाडी वेगवान करण्यासाठी १९२६ ते १९२८ या काळात प्रयोगाच्या चेसिस, म्हणजे बॉडीखालचे सांगाडे, बांधल्या: १० ईएक्स, १५ ईएक्स, १६ ईएक्स, १७ ईएक्स. यातल्या १७ ईएक्सवर विम्बल्डनच्या जार्व्हिसने बॉडी चढवली आणि १९२९ मध्ये ती काश्मीरच्या महाराजा हरिसिंगांनी विकत घेतली. म्हणजे कारखान्याची प्रयोगाची गाडी संस्थानिकाकडे येऊ शकते. ती ओळखता येते ती कागदावरच्या आणि चेसिसवरच्या त्या ‘ईएक्स’मुळे, म्हणजे ‘एक्सपेरिमेंटल’मुळे.

घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो. संस्थानिकांच्या बहुतेक गाड्या मागणीवरून बांधलेल्या. मेबॅकचंच घ्या. फ्रीडरिक्सहाफेनचा कारखाना इंजिन आणि चेसिस बनवायचा, बॉडी बहुतेक वेळा जवळच्या रावेन्सबुर्गमधली श्पोन कंपनी. गिऱ्हाईक सांगेल तशी. त्यामुळे ‘अशी गाडी जगात एकच’ हे खरं असूनही ती प्रोटोटाइप, म्हणजे कंपनीचा पहिला नमुना, नसते. हाताने ठोकलेला पत्रा, डाव्या-उजव्या दारांत दीड-दोन सुतांचा फरक, कानशीच्या खुणा, या सगळ्यावरून एवढंच कळतं की बॉडी हाताने बनली. प्रोटोटाइप शोधायचा तर बॉडी विसरून खाली वाकावं लागतं.

शेडमध्ये सुरुवात आट्यांपासून केली. अडीच सुती बोल्ट काढायचा, म्हणजे पाच सोळांश इंच, आणि त्याला थ्रेड गेज लावायचा. इंचात २२ आटे बसले तर बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश. २४ बसले तर अमेरिकन एसएई. जर्मन-फ्रेंच गाडीत त्याच जागी ८ मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर पिचचा बोल्ट असतो. इथे फसवणारी एक गोष्ट आहे: युद्धापूर्वीच्या मॉरिस या ब्रिटिश गाडीच्या इंजिनांत आटे मेट्रिक असतात आणि बोल्टचं डोकं मात्र विटवर्थच्या, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, पान्याचं. कॉव्हेंट्रीतला हॉचकिसचा कारखाना मॉरिसने १९२३ मध्ये घेतला, त्याची फ्रेंच यंत्रसामग्री तशीच चालू राहिली. त्यामुळे केवळ पाना बसला म्हणून निष्कर्ष काढायचा नाही, आटे मोजायचे. शेडमधल्या गाडीच्या चेसिसवर सगळीकडे बीएसएफ निघाले. इंजिनावर काहीच जुळेना, कारण ते इंजिनच नंतर बसवलेलं डिझेल होतं.

मग चेसिस नंबर. अशा कामाला ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावलेला मला अजिबात खपत नाही. पंच उथळ मारलेला असतो, दोन मिनिटांत कायमचा जातो. पेंट रिमूव्हर लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, लाकडी पट्टीने खरवडायचं, रॉकेलने पुसायचं. पुढच्या स्प्रिंगच्या वरची शिंगं, फायरवॉलसमोरची आडवी पट्टी, स्टिअरिंग बॉक्सजवळची बाजू, अशा जागा क्रमाने बघायच्या. अक्षरं दिसू लागली की आरटीओचे एजंट काढतात तशी पेन्सिलीची प्रिंट घ्यायची. पातळ कागद चिकटपट्टीने ताणून धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. फोटोत चकाकी येते, प्रिंटमध्ये पंचाचा आकार येतो. अक्षरांची उंची, ओळ सरळ की वाकडी, एखादा आकडा दुसऱ्यावर मारलाय का, हे त्यातच कळतं.

नंबर घासून काढलेला असेल तरी आशा असते, कारण पंचाखालची धातू खोलवर दाबली गेलेली असते. पोलादासाठी फ्रायचं द्रावण वापरतात: ९० ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, १२० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, १०० मिली पाणी. पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने आरशासारखा करावा लागतो, आणि पुसटसे आकडे क्षणभर दिसून जातात म्हणून कॅमेरा लावूनच बसावं लागतं. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, मालकाच्या लेखी संमतीनेच व्हावं. इथे ती वेळ आली नाही, नंबर शाबूत होता. त्याची घडण नेहमीच्या उत्पादनाची.

मालकांनी चेसिसमधली जास्तीची भोकं दाखवली. कारखान्यात प्रयोग करताना भोकं पाडतातच, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. स्प्रिंगच्या कमानी पुढे-मागे करून बघायच्या तर दोन्ही बाजूंना जोडीने भोकं लागतात. पण ती रंगकामाआधी पाडलेली असतात, त्यामुळे आतल्या कडेलाही मूळ रंग सापडतो. इथे टॉर्च टाकला तर आत नुसता गंज, कडा गॅसने कापलेल्या, आणि सगळी भोकं डिझेल इंजिनाच्या माउंटिंगभोवती गोळा झालेली.

यानंतर जे घडलं त्यासाठी ही सहल मला कायम आठवेल. शेजारच्या फौंड्रीतले एक वयस्कर पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने घडवणारे कारागीर, चहाला आले होते. त्यांनी चष्मा वर केला, गिअरबॉक्सच्या ओतकामावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ह्यो धातूच्या पॅटर्नवर काढलाय. लाकडी न्हाई.” सांधरेषा बघा, म्हणाले, केसासारखी आहे, दोन्ही अर्धे तसूभरही सरकलेले नाहीत. नगाची अक्षरंही पॅटर्नमध्येच कोरलेली. दहा-वीस नग काढायचे तर कोणी धातूचा पॅटर्न करत नाही. लाकूड कोरतात, अक्षरं वेगळी ओतून खिळ्यांनी मारतात, आणि ती थोडी तिरकी बसतात. ही खूण मला आजवर कोणी इतक्या नेमकेपणाने दाखवली नव्हती. ओतकाम वाचणारी अशी माणसं या गावात गल्लीगल्लीत आहेत आणि जुन्या गाड्यांच्या मंडळींना त्यांचा पत्ता नाही, याचं वाईट वाटतं.

दाराच्या आतलं लाकूड पटाशीने नखभर तासलं. तेलकट, पिवळसर, वासाने ओळखू येणारं सागवान. ब्रिटिश बॉडीवाले साधारणपणे ॲशचं लाकूड वापरत. सागावरून बॉडी इथेच बांधली असं लगेच सिद्ध होत नाही, उष्ण प्रदेशासाठी तिकडेही मागणीने साग वापरता येत असे. पण उंबरठ्यावर विलायती बॉडीवाल्याच्या नावाच्या पट्टीचे रिबेटही नव्हते, आणि सांगाड्यातले स्क्रू तीन वेगवेगळ्या काळातले होते.

मालकांचा चेहरा उतरला, तरी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांबड्याबरोबर त्यांनी विचारलं, मग नंबरप्लेटचं काय? प्लेट बी-वायने सुरू होणारी, मुंबई राज्याच्या काळातली. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे हा नंबर गाडीला दुसऱ्यांदा मिळालेला असणार. त्याआधीचा माग दप्तरात शोधावा लागेल. शहरातल्या पुराभिलेखागारात संस्थानची कागदपत्रं आहेत. तिथे ‘मोटार’ एवढाच शब्द धरून बसू नये. टायर-पेट्रोलचा खर्च, ड्रायव्हरचा पगार, रेल्वेचं भाडं, सुताराची मजुरी, अशा खात्यांत गाडी सापडण्याची शक्यता जास्त. मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

पुरावा नसताना पाटी लावण्याचा मोह किती मोठा असतो हे सिट्रोएन २२ वरून कळतं. १९३४ च्या पॅरिस प्रदर्शनात ही व्ही-८ गाडी दाखवली, थोड्याच बनल्या आणि आज एकही शिल्लक असल्याची नोंद नाही. म्हणूनच ‘२२’ची नक्षी लावून लोकांनी प्रतिकृती बांधल्या. उलट त्याच कंपनीच्या टू-सीव्हीचे १९३९ चे नमुने, एकाच हेडलाइटचे, ला फेर्ते-विदाममधल्या एका कोठाराच्या माळ्यावर १९९४ मध्ये खरोखर तीन सापडले. कंपनीच्याच चाचणीच्या जागेवर, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

आपल्या गाडीत एकच गोष्ट उलगडली नाही. गिअरबॉक्सच्या नंबरापुढे हाताने मारलेला ‘एक्स’ आहे. तो प्रयोगाचा असू शकतो, नाहीतर बदली म्हणून आलेल्या गिअरबॉक्सचाही. त्याचं उत्तर त्या जातीच्या क्लबच्या रजिस्ट्रारकडेच मिळेल. त्यांना पाठवायला चेसिस आणि गिअरबॉक्सच्या प्रिंट, पट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो, मागच्या ॲक्सलच्या दातांचं गुणोत्तर आणि व्हीलबेसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचं, माप एवढं पाकिटात घातलं. व्हीलबेस दोन्ही बाजूंनी मोजला. चेसिस वाकलेली असेल तर आकडे जुळत नाहीत आणि तिकडचा माणूस भलत्याच मॉडेलच्या यादीत शोधत बसतो. ‘प्रोटोटाइप’ हा शब्द पत्रात कुठेही लिहिला नाही.